ऑर्गनोफॉस्फेट ‘लवकर उतरतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात दीड एकर भाजीपाला, वांगी आणि मेथी, शेजारी थोडा ऊस. गोठ्याच्या माळ्यावर मोनोक्रोटोफॉसची अर्धी बाटली, क्लोरपायरीफॉस 20 ईसीची एक, आणि हुमणी अळीसाठी आणलेल्या थायमेटची उघडी पिशवी. दुकानदार सांगतो की फॉस्फरसवाली औषधं, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं, लवकर उतरतात, डीडीटीसारखी वर्षानुवर्षं राहत नाहीत. मग फवारल्यावर भाजी किती दिवसांनी काढावी, विहिरीला धोका आहे का, जुन्या बाटल्यांतला जोर गेलाच असेल तर त्या ओढ्यात ओतल्या तर चालेल का? आणि फवारणीनंतर वडिलांना गरगरतं, घाम फुटतो, ते उन्हाचं म्हणून सोडून द्यायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीचे प्रश्न चार दिवस थांबतील, हा थांबणार नाही.

गरगरणं, घाम, मळमळ, पोटात मुरडा, धूसर दिसणं, छातीत कफ दाटणं, पापणी किंवा दंडाचा स्नायू आपोआप उडणं, यातली दोन-तीन लक्षणं फवारणीनंतर काही तासांत एकत्र आली तर ऊन लागलं असं धरून बसू नका. उन्हाने तोंड कोरडं पडतं, या विषाने लाळ सुटते. सावलीत, मंद उजेडात डोळ्याची बाहुली बघा. टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर शंकाच नको. मात्र बाहुली नेहमीसारखी दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण दरवेळी ती बारीक होतेच असं नाही.

कपडे जागेवरच उतरवा. केस, काखा, जांघा, नखांच्या कडा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, आणि धुणाऱ्याने हातात निदान प्लास्टिकची पिशवी चढवावी. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात दुधाळ होणाऱ्या औषधातला पेट्रोलियम द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट उभं राहतं. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा आणि बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या.

बाटली न्यायची ती का, हे सांगितलं की या विषाचं कामही कळेल. आपल्या मज्जातंतूंमधून निरोप पुढे जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत, आणि निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. ऑर्गनोफॉस्फेट या विकराला जाऊन चिकटतं. निरोप पुसला जात नाही, त्यामुळे ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू उडत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बहुतेक मृत्यू श्वास थांबून होतात. ॲट्रोपिन हे औषध ते पाझरणं थांबवतं. पाम म्हणजे प्रॅलिडॉक्झिम चिकटलेलं विष विकरापासून सोडवू शकतं, पण वेळेत दिलं तरच. काही काळाने विकराशी झालेला जोड पक्का होतो आणि मग पामचा उपयोग उरत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, डायक्लोरव्हॉस ही डायमिथाइल गटातली, त्यांच्यात अडकलेल्या विकरापैकी निम्मं साधारण पावणेचार तासांत असं पक्कं होतं. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथाइल गटात त्याच गोष्टीला तेहतीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून डॉक्टरांना नाव हवं असतं. ‘मावा-तुडतुड्याचं औषध’ एवढ्या माहितीवर त्यांना काही ठरवता येत नाही.

पाम किती आणि कसं द्यावं यावर वैद्यकात एकमत नाही. आपल्या बारामतीत झालेली आणि 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली चाचणी प्रसिद्ध आहे. 200 रुग्णांपैकी ज्यांना पाम सलग ठिबकत दिलं त्यांच्यात मृत्यू 1 टक्का होते आणि ज्यांना थांबून थांबून दिलं त्यांच्यात 8 टक्के. नंतर श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र पामचा फायदा दिसला नाही. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी ॲट्रोपिन आधी सुरू केलं तर ‘पाम का नाही दिलं’ म्हणून त्यांच्याशी भांडू नका. एक मात्र लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी सावरलेला माणूस एक ते चार दिवसांत पुन्हा खालावू शकतो. उशीवरून मान उचलता येईनाशी होते, मग श्वास अपुरा पडतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याचं वर्णन केलं. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ म्हणून दुसऱ्या दिवशी सही करून घरी आणू नका.

वडिलांना दर फवारणीला त्रास होतोय, त्याचं कारण बहुधा साठत जाणारी घट हे आहे. तांबड्या पेशींमधलं कोलिनेस्टरेज भरून यायला वेळ लागतो, दिवसाला साधारण एक टक्का या गतीने. दर आठ दिवसांनी फवारा असेल तर मागची तूट भरायच्या आत पुढची पडते. विष शरीरातून निघून गेलेलं असतं, नुकसान मागे राहतं. मग ज्या दिवशी वारा अंगावर येतो किंवा पंप पाठीवर गळतो, त्या दिवशी एरवी पचला असता एवढा डोस आडवा पाडतो. त्यांची तांबड्या पेशींची कोलिनेस्टरेज तपासणी करून घ्या आणि पुढच्या हंगामाआधी, फवारणी बंद असताना, पुन्हा करा. माणसामाणसांत या आकड्यात इतका फरक असतो की ‘नॉर्मल रेंजमध्ये आहे’ याला फारसा अर्थ नाही. त्यांचा आकडा त्यांच्याच आकड्याशी ताडून बघायचा. तोवर पंप त्यांच्या पाठीवर देऊ नका.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे वळू. ते पूर्ण खोटं नाही, म्हणूनच घातक आहे. डीडीटी मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं राहतं. त्याच्या तुलनेत ऑर्गनोफॉस्फेट झटपट बदलतात, आणि त्याच गुणावर ती जगभर रूढ झाली. पण बदलून त्यांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीत उभी हयात घालवली आहे, आणि माझं उत्तर असं की या रेणूंपुढे दोन वाटा असतात. पाण्याने तुटले, म्हणजे फॉस्फरसजवळचा बंध फुटून दोन तुकडे झाले, तर विष उतरतं. त्या तुकड्यांना विकर अडवता येत नाही. पण तुटण्याऐवजी त्यांना ऑक्सिजन जोडला गेला, तर विष बहुतेक वेळा चढतं. उन्हात, पानावर, मातीत आणि माणसाच्या यकृतात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. कोणती पुढे पळते यावर सगळं ठरतं.

क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, पॅराथिऑन, डायमेथोएट यांच्या फॉस्फरसला दुहेरी बंधाने गंधक जोडलेलं असतं. या रूपात ती कोलिनेस्टरेज फारशी अडवत नाहीत. शरीरात यकृत ते गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतं, ‘ऑक्सॉन’ तयार होतो, आणि खरा मारेकरी तो. म्हणजे बाटलीतलं विष अर्धवट तयार असतं, उरलेलं काम कीटक करतो किंवा आपण करतो. हेच काम ऊन आणि ओझोनही करतात. कॅलिफोर्नियाच्या संत्र्या-मोसंबीच्या बागांत पॅराथिऑन फवारून बरेच दिवस उलटल्यावर फळं तोडायला आलेले मजूर आजारी पडू लागले. कोरड्या उन्हाळ्यात पानांवरच्या धुळीत पॅराथिऑनचा पॅराऑक्सॉन झाला होता. फवारणीनंतर रानात पुन्हा कधी शिरायचं याचे नियम तिथे अशा अनुभवांतून आले. आपल्याकडे फवारणाऱ्याची थोडी तरी चर्चा होते, चौथ्या दिवशी खुरपायला गेलेल्या बाईची होत नाही.

थायमेट म्हणजे फोरेट, त्याची गंमत आम्हाला यंत्रावर रोज दिसायची. उसाच्या सरीतल्या मातीचा अर्क गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे रसायनं वेगळी करून आलेखावर शिखरांनी दाखवणाऱ्या यंत्रावर, सोडला की टाकल्यानंतर थोड्याच दिवसांत फोरेटचं शिखर खाली बसू लागतं. काही आठवड्यांनी ते तळरेषेला टेकतं. पण त्याच्या नंतर उमटणारी दोन शिखरं ताठ उभी असतात, फोरेट सल्फॉक्साइड आणि फोरेट सल्फोन. ही दोन्ही ऑक्सिजन जोडून झालेली, दोन्ही विषारी, आणि मूळ फोरेटपेक्षा मातीत जास्त टिकणारी. नुसत्या ‘फोरेट’ची तपासणी मागितली तर अहवालात ‘आढळले नाही’ असं येईल आणि ते खरंही असेल. म्हणूनच नियमांत फोरेटचा अवशेष मोजताना त्याचा ऑक्सिजनवाला भाऊ आणि त्या दोघांची सल्फॉक्साइड-सल्फोन सगळी मिळून धरतात. स्वस्तातल्या तपासणीत हे सगळं मोजलंय का, हे विचारून घ्या.

ॲसिफेटचं तसंच. प्रयोगशाळेतल्या उंदरांत त्याची तोंडावाटे मारक मात्रा किलोला 900 मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे या गटात सौम्यच. पण झाडात त्याचा काही हिस्सा मेथामिडोफॉस होतो, आणि त्याची मात्रा 20 च्या आसपास. झाडात फिरणारं औषध झाडातच तीव्र झालं तर धुऊन काय निघणार? डायमेथोएट, म्हणजे तुमचं रोगोर, पानात ओमेथोएट होतं. तेही जास्त विषारी.

या सगळ्यात मॅलॅथिऑन सर्वांत सभ्य. सस्तन प्राण्यांच्या शरीरात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचं दुसरं एक विकर असतं, ते मॅलॅथिऑनचा ऑक्सॉन व्हायच्या आत त्याला तोडून टाकतं. कीटकांत ते पुरेसं नसतं, म्हणून कीटक मरतो आणि आपण वाचतो. पण 1976 मध्ये पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत याच सभ्य औषधाने साडेसात हजार फवारणी कामगारांपैकी सुमारे 2,800 जणांना विषबाधा केली आणि पाच जण दगावले. पावडरमध्ये आयसोमॅलॅथिऑन नावाची भेसळ सापडली. भेसळ असं म्हणतो, पण ती कुणी मिसळलेली नव्हती. मॅलॅथिऑनच्याच रेणूतला एक मिथाइल गट ऑक्सिजनवरून गंधकावर सरकला की ते तयार होतं, आणि उष्ण साठवणुकीत ते वाढतं. आयसोमॅलॅथिऑन कार्बॉक्सिलएस्टरेजच बंद पाडतं. आपला बचाव करणारं विकर बंद झालं की मॅलॅथिऑनची सभ्यता संपली. पत्र्याच्या गोठ्यात माळ्यावर दोन उन्हाळे पडलेल्या बाटलीबद्दल ‘जोर गेला असेल’ असं मी का म्हणू देत नाही, ते यावरून कळेल. डायझिनॉनच्या डब्यात थोडं पाणी शिरून राहिलं तर त्याहून कितीतरी जहाल द्रव्यं तयार होतात, हेही नोंदलेलं आहे. जुन्या बाटलीची कीड मारण्याची ताकद कमी होते आणि माणूस मारण्याची वाढते, असं एकाच वेळी घडू शकतं.

हाच धागा यवतमाळपर्यंत जातो. 2017 च्या पावसाळ्यात तिथे फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, तोंडाच्या उंचीवर बारीक धुकं सोडणारे बॅटरीचे पंप, हे सगळं होतंच. पण चार-चार औषधं एका पंपात मिसळायची सवयही होती, आणि चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण होतं. प्रोफेनोफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट एस्टरेज गटातली विकरं अडवतं, म्हणूनच ते सायपरमेथ्रिन या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकाबरोबर घालतात. अळीला सायपरमेथ्रिन पचवता येऊ नये, हा हेतू. माणसाच्या शरीरातही त्याच गटातली विकरं आहेत. दुकानात ‘याच्यात ते टाका, रिझल्ट डबल’ असं सांगतात तेव्हा दुसऱ्या बाजूचं गणित कुणी मांडत नाही.

आता ‘किती दिवसांत’ याकडे. इथे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), फार महत्त्वाचा. 25 अंश तापमानाच्या पाण्यात मॅलॅथिऑनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, सामू 5 असेल तर 107 दिवस, 7 असेल तर सुमारे 6 दिवस आणि 9 असेल तर बारा तास. डायमेथोएटचं याच क्रमाने 156, 68 आणि साडेचार दिवसांच्या आत. क्लोरपायरीफॉस सामू 5 आणि 7 ला सुमारे 72 दिवस, 9 ला 16. एकच औषध ‘बारा तासांत उतरतं’ आणि ‘साडेतीन महिने टिकतं’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. घाटमाथ्याच्या पूर्वेकडची काळी माती आणि बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी, तिथे पाण्याने तुटण्याची वाट जोरात चालते. कोकणात जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे हीच तोडफोड मंदावते. बोर्डो मिश्रणात ऑर्गनोफॉस्फेट मिसळू नका म्हणतात ते यासाठीच. चुना आणि मोरचूद दोघे मिळून ते टाकीतच तोडतात. क्षारपड बोअरच्या पाण्यात औषध रात्री कालवून सकाळी फवारलं आणि कीड हलली नाही, तर दुकानदाराला ‘डुप्लिकेट माल’ म्हणून शिव्या देण्याआधी पाण्याचा सामू बघा.

मातीत रसायनापेक्षा जिवाणूंचा हात मोठा. याचा शोध भातखाचरात लागला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत डायझिनॉन पुन्हा पुन्हा टाकलेल्या खाचरांत ते चालेनासं झालं. 1973 मध्ये भारतीय शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन आणि योशिदा यांनी तिथून फ्लेवोबॅक्टेरियम वेगळा काढला. डायझिनॉनचा बंध फोडून तो त्यावरच जगत होता. सेतुनाथन पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत हेच काम करत राहिले. ज्या विकराने हे जिवाणू विष फोडतात ते आज जगभर अभ्यासलं जातं, अगदी युद्धातल्या विषारी वायूंवर उतारा म्हणूनही, कारण तेही याच घराण्यातले. जर्मनीत गेरहार्ड श्राडर 1936 मध्ये कीटकनाशकं शोधता शोधता टाबुन या युद्धातल्या विषारी वायूवर जाऊन पोचला, तोच पुढे पॅराथिऑनचा जनक.

पण जिवाणूंना ओल, हवा आणि खायला कर्ब लागतो. सेंद्रिय कर्ब घटलेल्या, मे महिन्यात भाजून निघालेल्या रानात ते निपचित असतात. आणि डोस जास्त झाला तर तेच मरतात. क्लोरपायरीफॉस शेताच्या मात्रेत मातीत बहुधा एक-दोन महिन्यांत निम्मं होतं, पण वाळवीसाठी घराच्या पायाभोवती ओततात त्या मात्रेत ते वर्षानुवर्षं राहतं, आणि राहावं म्हणूनच तर ओततात. 2025 मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांच्या यादीत, काही वापरांना सवलत ठेवून का होईना, क्लोरपायरीफॉस घातलं गेलं. डीडीटी ज्या करारात आहे त्याच करारात. दुकानदाराला हे सांगून बघा.

विहिरीबद्दल. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटतं, पाझरून खोल जात नाही. गाळाबरोबर वाहून ओढ्यात जातं, आणि तिथे लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढंही मासे-झिंग्यांना पुरतं. मोनोक्रोटोफॉस उलट. ते पाण्यात हवं तेवढं मिसळतं, मातीला धरत नाही, आणि साध्या सामूच्या पाण्यात त्याचं अर्धायुष्य महिन्यांत मोजतात. विहिरीच्या काठावर पंप धुतला आणि काळ्या रानाला भेगा असल्या, तर मातीतून गाळून जाण्याची संधीच मिळत नाही, पहिल्या पावसाबरोबर ते भेगेतून सरळ खाली. पंप धुण्याची, औषध कालवण्याची जागा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला करा.

आणि शंका आली म्हणून विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून निश्चिंत होऊ नका. टीसीएल जंतूंवर चांगलं. पण गंधकवाल्या ऑर्गनोफॉस्फेटवर क्लोरीन नेमकं तेच करतं जे यकृत करतं, त्यांचा ऑक्सॉन बनवतं. क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरपायरीफॉसचा ऑक्सॉन होतो आणि तो लगेच नाहीसाही होत नाही. विहिरीत औषध सांडल्याची खात्री असेल तर ते पाणी प्यायचं थांबवा, उपसा करा आणि नमुना तपासा. नमुना गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बर्फात, त्याच दिवशी पोचवा. चार दिवस एसटीच्या पार्सलात फिरलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही, तर विहिरीत काही नव्हतं असं सिद्ध होत नाही.

भाजी काढण्याचं गणित असं करा. समजा फवारल्या दिवशी भाजीवर किलोला 4 मिलिग्रॅम बसलं आणि अर्धायुष्य तीन दिवस आहे. लोक म्हणतात, सहा दिवसांत संपलं. सहा दिवसांनी 1 मिलिग्रॅम उरलेलं असतं. मर्यादा 0.05 धरली, तर त्याखाली यायला सात वेळा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे एकवीस दिवस. नाशिकचा द्राक्षवाला हे जाणतो. युरोपने 2020 मध्ये क्लोरपायरीफॉसची मंजुरी काढली आणि मर्यादा 0.01 वर आणली, तेव्हापासून त्याचा हिशेब आणखी पुढे सरकला. प्रत्यक्षात उतार असा सरळही नसतो. वरवरचं पहिल्या दिवसांत झपाट्याने जातं, सालीच्या मेणात शिरलेलं रेंगाळतं. हिवाळ्यात सगळंच मंद. मेथी फार वाईट पीक आहे या बाबतीत. वजन कमी, पानांचा पसारा जास्त, म्हणून किलोमागे औषध सर्वांत जास्त बसतं, आणि काढणी महिन्याभरात. मेथीवर हा गटच मारू नका, माझं मत एवढं स्पष्ट आहे. वांग्यावर लेबलात तुमच्या पिकापुढे छापलेला प्रतीक्षा कालावधी पाळा. पीक लेबलावर नसेल तर ते औषध त्या पिकाचं नाही.

धुण्याबद्दल लोक लिंबू, व्हिनेगर सुचवतात. आम्लात ही औषधं तुटत नाहीत, उलट टिकतात, वर सामूचे आकडे पाहिलेतच. खायचा सोडा जरा बरा. 2017 च्या एका अमेरिकी प्रयोगात सफरचंदावरचं फॉस्मेट हे ऑर्गनोफॉस्फेट लिटरला दहा ग्रॅम सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटांत पृष्ठभागावरून निघालं. सालीत शिरलेलं निघालं नाही. आणि झाडाच्या रसातून फिरणारं डायमेथोएट किंवा ॲसिफेट कुठल्याच धुण्याने निघत नाही.

राहिल्या बाटल्या. फोरेट आपल्याकडे 2020 च्या अखेरीपासून बंद आहे, डायक्लोरव्हॉस, म्हणजे नुवान, आणि ट्रायझोफॉससुद्धा. मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएल बंद करण्याचा आदेश 2023 चा, भाज्यांवर तर ते त्याआधीपासूनच वर्ज्य होतं. म्हणजे तुमच्या माळ्यावरच्या तीनपैकी दोन गोष्टी वापरायचा प्रश्नच नाही. ओढ्यात तर अजिबात नाही. मोनोक्रोटोफॉसने अर्जेंटिनात 1995-96 च्या हंगामात टोळ-नाकतोडे खायला आलेले हजारो ससाणे शेतात मरून पडले होते. तुमच्या ओढ्यावर बगळे आणि शेजाऱ्याच्या म्हशी येतात. जाळूही नका, धूर छातीत जातो. पुरायचं म्हणाल तर वर विहिरीबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचा.

दुकानदाराला किंवा कंपनीच्या प्रतिनिधीला परत घ्यायला सांगा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जुना साठा गोळा करण्याची व्यवस्था आपल्याकडे लंगडी आहे, दोन-तीन हेलपाटे पडतील असं धरून चाला. तोवर सगळं मूळ बाटलीत, मूळ लेबलसह, कुलपात, गोठा आणि धान्य यांपासून दूर ठेवा. दुसऱ्या डब्यात ओतू नका, आणि रिकामा डबाही घरात आणू नका. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये शाळेच्या जेवणाचं तेल मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेलं होतं, 23 मुलं गेली. थायमेटची उघडी पिशवी आहे तशीच जाड प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत सरकवून तोंड बांधा. दाणे सांडले तर केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओलसर मातीत घोळवून फावड्याने उचला आणि तीही त्याच पिशवीत घाला. हातमोजे रबरी घ्या. कापडी भिजले की विष कातडीला धरून ठेवतात. आणि हे काम वडिलांना करू देऊ नका.